शेकरवर ओडी अडते कुठे: फ्लास्क आणि प्लेटमधल्या ऑक्सिजनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५० मिलीच्या साध्या कोनिकल फ्लास्कमध्ये १०० मिली टेरिफिक ब्रॉथ (टीबी, एक समृद्ध माध्यम), त्यात प्रथिन बनवून घेण्यासाठी वापरतात तो ई. कोलाय बीएल२१ (डीई३) हा जीवाणू, ३७ अंश, शेकर १८० आरपीएमवर (मिनिटाला १८० फेऱ्या), तोंडाला अॅल्युमिनियम फॉइल. ओडी (कल्चर किती गढूळ, म्हणजे पेशी किती, याचे माप) चारच्या आसपास रेंगाळते. टीबीमध्ये ती १५ च्या पुढे जायला हवी. आरपीएम २२० केले तरी फारसा फरक पडला नाही. शिवाय त्याच क्लोनचे ९६-डीपवेल प्लेटमधले (९६ खोल लहान खळग्यांच्या, म्हणजे वेलच्या, प्लेटमधले) प्रथिनाचे उत्पादन फ्लास्कशी जुळत नाही. मिसळणी अपुरी पडते आहे का, आणि बॅफलवाला (भिंतीला आत दाबलेल्या खाचा असलेला) फ्लास्क घ्यावा का?

मिसळणी अपुरी नाही. १८० आरपीएमला १०० मिली पाणीदार कल्चर काही सेकंदांत एकजीव होते; रंगाचा थेंब टाकून बघा. अपुरा आहे तो ऑक्सिजन. मिसळणी आणि ऑक्सिजनचा पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पूर्ण असूनही दुसरी निम्म्याने कमी पडू शकते, आणि शेकरवर बहुतेक वेळा तसेच होते. बॅफलचा फ्लास्क लगेच घेऊ नका. आधी १०० मिलीचे २५ मिली करा आणि फॉइल काढा.

आता आकडे. ३७ अंशाला हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२१ मिलिमोल ऑक्सिजन असतो. माध्यमात क्षार असल्याने थोडा कमीच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने तिथे मुंबईपेक्षा आणखी सहा टक्के कमी, पण ते सध्या सोडून द्या. समृद्ध माध्यमात वेगाने वाढणारा ई. कोलाय कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ताशी १० ते २० मिलिमोल ऑक्सिजन घेतो. हिशोबाला १५ धरू. ओडी १ म्हणजे लिटरला सुमारे ०.३५ ग्रॅम कोरडे वजन. हा गुणांक स्पेक्ट्रोफोटोमीटरनुसार बदलतो, तुमच्या यंत्राचा तुम्ही काढलेला असेल तर तोच वापरा. ओडी ४ ला १.४ ग्रॅम पेशी, त्यांची मागणी ताशी २१ मिलिमोल प्रतिलिटर. विरघळलेला सगळा साठा त्या अर्ध्या मिनिटात फस्त करतील. म्हणून टाकीत पाणी किती आहे हे इथे बघायचेच नसते, नळ किती जोरात चालतो ते बघायचे असते.

नळाचा जोर म्हणजे ऑक्सिजन संक्रमणाचा, म्हणजे हवेतून द्रवात जाण्याचा, कमाल दर. केएलए हा संक्रमण-गुणांक गुणिले संपृक्त सांद्रता, असे त्याचे साधे गणित. विरघळलेला ऑक्सिजन शून्यावर आला की पेशींना हा कमाल दर मिळतो. त्याहून एक रेणूही जास्त मिळत नाही. साधा काचेचा २५० मिलीचा फ्लास्क, २५ मिमी ऑर्बिट (शेकरचा प्लॅटफॉर्म ज्या वर्तुळात फिरतो त्याचा व्यास), २०० आरपीएम, पाण्यासारखे पातळ माध्यम असे धरले तर हा दर अंदाजे असा येतो: २५ मिली भरले तर ताशी २० मिलिमोल प्रतिलिटर, ५० मिलीला १२, १०० मिलीला ७. आकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, क्रम बदलणार नाही.

तुमच्या १८० आरपीएमला १०० मिलीसाठी हा दर सहाच्या आसपास पडतो. सहा भागिले पंधरा म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम पेशी, ओडीत १.१ ते १.२. थोडक्यात, ओडी जेमतेम सव्वा होते तिथेच तुमचे कल्चर ऑक्सिजनच्या मर्यादेत शिरते. त्यानंतर वाढ घातांकी राहत नाही, सरळ रेषेत होते. एक ग्रॅम पेशी बनायला साधारण २० मिलिमोल ऑक्सिजन लागतो असे धरा. ताशी सहा मिळत असेल तर ताशी ०.३ ग्रॅम पेशी, म्हणजे ओडीची वाढ तासाला ०.८ ते ०.९. तीन-चार तासांत तुम्ही चारला पोचता. तोवर अॅसिटेट साठते, पीएच घसरतो आणि वाढ मंदावते. तुम्ही सांगितलेले चित्र हेच आहे.

आरपीएम वाढवून फरक का पडला नाही, तेही याच गणितात आहे. साध्या फ्लास्कमध्ये संक्रमणाचा दर आरपीएमच्या सुमारे १.१५ व्या घाताने वाढतो, द्रवाच्या आकारमानाच्या उणे ०.७५ ते उणे ०.८ व्या घाताने बदलतो आणि ऑर्बिटच्या व्यासाच्या एक-तृतीयांश घाताने. १८० चे २२० केल्यावर मिळाले २५ टक्के. १०० मिलीचे २५ मिली केले असते तर पावणेतीन पट मिळाले असते. २५ ऐवजी ५० मिमी ऑर्बिटचा शेकर मिळाला तर सुमारे सव्वापट. सगळ्यांत ताकदीची आणि फुकटची गोष्ट म्हणजे कमी भरणे. शेकरमध्ये जागा नाही ही तक्रार खरी असते, पण चार फ्लास्कमध्ये २५-२५ मिलीच्या पेशी एका फ्लास्कमधल्या १०० मिलीपेक्षा कितीतरी जास्त निघतात. जागेचा हिशोब मिलीने करू नका, निघालेल्या पेशींच्या ग्रॅमने करा.

हे घातांक मनातून काढलेले नाहीत. जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात योखेन ब्यूक्स यांच्या गटाने फ्लास्कमधल्या संक्रमणावर वर्षानुवर्षे मोजमापे केली आणि २००१ मध्ये रॅमोस नावाचे, चालू फ्लास्कमध्ये श्वसनाचा दर मोजणारे उपकरण मांडले. त्याआधी शेकरवर नक्की काय चालते हे बहुतेकांना सकाळी ओडी बघूनच कळायचे. अजूनही बऱ्याच प्रयोगशाळांत तसेच आहे.

फ्लास्कमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते डोळ्यांसमोर आणा. द्रव तळाशी चंद्रकोरीसारखा एका बाजूला चढतो आणि भिंतीलगत गोल फिरतो. तो पुढे सरकला की मागे काचेवर पातळ ओला पापुद्रा राहतो, तो हवेतून ऑक्सिजन घेतो आणि पुढच्या फेरीला परत द्रवात मिसळतो. या पापुद्र्याचा वाटा मोठा आहे. म्हणून स्वच्छ, पाण्याने नीट ओली होणारी काच चांगली. पॉलिकार्बोनेटचा फ्लास्क पाणी झटकून टाकतो, पापुद्रा धरत नाही, त्यामुळे त्याच मापाचा असूनही कमी पुरवतो. काचेवर तेलकटपणा राहिला तरी तसेच होते. धुण्याच्या साबणाचा अंश राहिला तर फेस येतो, तो वेगळाच त्रास.

ही चंद्रकोर फिरते आहे की नाही ते एकदा तरी डोळ्यांनी बघा. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ पुरतो. द्रव भिंतीलगत धावण्याऐवजी मध्येच डचमळत बसला असेल तर तो प्लॅटफॉर्मच्या लयीतून सुटला आहे. अशा वेळी आरपीएमचा आकडा कितीही मोठा असो, संक्रमण आणि मिसळणी दोन्ही कोसळतात. १० मिमीसारख्या लहान ऑर्बिटवर, दाट कल्चरमध्ये आणि बॅफलवाल्या फ्लास्कमध्ये हे जास्त घडते. बुरशी किंवा स्ट्रेप्टोमायसिस (धाग्यांसारखा वाढणारा जीवाणू) वाढवणाऱ्यांनी तर रोज बघावे, कारण दुसऱ्या दिवशी कल्चर खिरीसारखे झाले की आदल्या दिवशी चालणारा वेग पुरत नाही.

शेकरचा ऑर्बिट किती हे अनेकांना माहीत नसते. पुस्तिका हरवली असेल तर प्लॅटफॉर्मवर कागद चिकटवा, शेकर सगळ्यात कमी वेगावर चालवा आणि स्टँडला घट्ट बांधलेल्या पेनाचे टोक कागदाला हलकेच टेकवा. उमटलेल्या वर्तुळाचा व्यास म्हणजे ऑर्बिट. वेगही एकदा तपासा: प्लॅटफॉर्मच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा, व्हिडिओत एका मिनिटाच्या फेऱ्या मोजा. भरलेल्या प्लॅटफॉर्मवर मोजा, रिकाम्यावर नको. पट्टा सैल झालेला शेकर डिस्प्लेवर २०० दाखवत १७० ला फिरत असतो.

आता फॉइल. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली भरल्यावर वर सुमारे २०० मिली हवा उरते. त्यातला ऑक्सिजन ४२ मिली, म्हणजे ३७ अंशाला साधारण १.६५ मिलिमोल. तुमचे कल्चर मर्यादेवर चालत असताना ताशी ०.६ मिलिमोल खाते. तोंड खरोखर हवाबंद असेल तर दोन तासांच्या आत वरच्या हवेतला ऑक्सिजन निम्म्यावर येईल, आणि तो निम्म्यावर आला की संक्रमणाचा कमाल दरही निम्म्यावर येतो. तेवढाच कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि पीएच खाली ओढतो. फॉइल पूर्ण हवाबंद नसते हे खरे. पण ती कोणी किती दाबून बसवली यावर गळती ठरते, आणि तीन प्रतिकृतींतला फरक अनेकदा तिथूनच येतो.

चांगला उपाय जुनाच आहे: न शोषणाऱ्या कापसाचा, मध्यम घट्ट बोळा. सर्जिकल, म्हणजे शोषणारा कापूस वापरू नका. ऑटोक्लेव्हमध्ये तो ओला होतो, आणि ओल्या बोळ्यातून हवा जवळजवळ जात नाही. बोळ्यावर ऑटोक्लेव्हसाठी बांधलेला कागद किंवा फॉइल शेकरवर ठेवण्याआधी काढायची. हे रोज विसरले जाते. सिलिकॉन स्पंजची टोपणे सोयीची आहेत, पण सतत धुण्याने त्यांची छिद्रे बुजतात. चिकटवायच्या सच्छिद्र पडद्यावर एकदा माध्यम उडाले की तो भाग निकामी.

बॅफलबद्दल. बॅफल पृष्ठभाग फोडतात, बुडबुडे आत ओढतात, आणि त्याच वेगाला संक्रमण दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकते. पण त्याची किंमत मोजावी लागते. शिंतोडे बोळ्यापर्यंत उडतात, बोळा ओला होतो, आणि वाढवलेले संक्रमण वरून बंद पडते. टीबीसारख्या प्रथिनयुक्त माध्यमात फेस तोंडाशी येतो. काच फुंकणाऱ्याने हाताने दाबलेल्या बॅफलची खोली प्रत्येक फ्लास्कमध्ये वेगळी असते, त्यामुळे दोन फ्लास्क कधी सारखे निघत नाहीत. पेशी गोळा करायच्या असतील तर बॅफल ठीक. भराई १० ते १५ टक्के, वेग १५० ते १८० च्या दरम्यान, आणि वाढवताना फेसावर नजर. क्लोनची किंवा माध्यमांची तुलना करायची असेल तर मी साधा फ्लास्क आणि कमी भराई हेच सांगेन. पिकिया (एक यीस्ट) मिथॅनॉलवर चालवणाऱ्यांना मात्र बॅफलशिवाय भागत नाही. तिथे मिथॅनॉलच्या पहिल्याच पायरीत ऑक्सिजन लागतो, म्हणून मागणी फार मोठी. भराई १० टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि तोंडाला दोन-तीन पदरी निर्जंतुक गॉज पुरते.

अँटीफोम शेवटचा उपाय. तो फेस मारतो, तसा पृष्ठभागावर पसरून संक्रमणही बदलतो, बहुतेकदा कमीच करतो. घालायचाच तर ०.००५ ते ०.०१ टक्क्यापासून सुरुवात करा, आणि नियंत्रण फ्लास्कमध्येही तेवढाच घाला. फेस दिसल्यावर एकाच फ्लास्कमध्ये थेंब टाकलात तर त्या दिवसाची तुलना बाद.

हा सगळा हिशोब झाला. तुमच्या फ्लास्कमध्ये खरेच हेच घडते आहे का, ते एका दिवसात आणि काहीही विकत न घेता तपासता येते. एकाच इनॉक्युलमपासून (बी म्हणून घालायच्या कल्चरपासून) सुरुवातीची ओडी ०.०५ ठेवून चार सारखे फ्लास्क लावा: १५, ३०, ६० आणि १०० मिली. सगळ्यांना सारखा कापसाचा बोळा, एकच शेकर, २०० आरपीएम. दर अर्ध्या तासाने एकेकातून ०.३ मिली काढा. १५ मिलीच्या फ्लास्कमधून नमुने एक तासाने घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यातले बरेच माध्यम नमुन्यांतच जाईल. ओडी ०.४ च्या वर गेली की नमुना पातळ करूनच वाचा. न पातळ करता वाचलेली २.० ही ओडी प्रत्यक्षात साडेतीन-चार असू शकते, आणि यंत्राच्या मर्यादेने सपाट झालेली रेषा ऑक्सिजनची मर्यादा समजली जाते.

आकडे दोन आलेखांवर काढा, एकदा लॉग अक्षावर आणि एकदा साध्या. ऑक्सिजन कारण असेल तर लॉग आलेखावर चारही रेषा सुरुवातीला एकमेकींवर बसतील आणि मग एकेक करून सुटतील: आधी १०० मिली, मग ६०, मग ३०. सुटल्यानंतरचा तुकडा साध्या अक्षावर सरळ दिसेल. त्या सरळ तुकड्याचा चढ त्या भराईच्या ऑक्सिजन पुरवठ्याशी जवळजवळ प्रमाणात असतो, म्हणजे मोजण्याचे उपकरण तुमच्याकडे आधीच आहे. चारही रेषा एकाच ओडीला वाकल्या तर दोष ऑक्सिजनचा नाही. माध्यमातले काहीतरी संपले, पीएच गेला किंवा प्लाझ्मिडचे (पेशीत घातलेल्या जादा डीएनएचे) ओझे झाले. एलबी या प्रयोगशाळेतल्या साध्या माध्यमात हे नेहमीच दिसते. त्यात शर्करा जवळजवळ नसते, पेशी अमिनो आम्लांवर जगतात, आणि हवा कितीही दिली तरी फ्लास्कमध्ये एलबीची ओडी टीबीइतकी कधीच चढणार नाही.

शेवटचा पीएचही बोलका असतो. चांगली हवा मिळालेल्या एलबीत अमिनो आम्लांतला अमोनिया सुटून पीएच ८.५ च्या पुढे जातो. एलबीत ग्लुकोज घातले नसताना तो सातच्या खाली दिसला तर काहीतरी गडबड आहे. ग्लुकोज असेल तर हा निकष चालत नाही, कारण जास्त ग्लुकोजवर ई. कोलाय पुरेसा ऑक्सिजन असतानाही अॅसिटेट टाकतो. टीबीत फॉस्फेटचा बफर जोरदार, सुमारे ९० मिलिमोलर, त्यामुळे तिथे पीएच उशिरा हलतो. पण ६ च्या जवळ आला तर बराच अॅसिटेट साठला आहे असे समजा.

दोन भांड्यांची थेट तुलना करायची असेल, समजा तुमचा फ्लास्क आणि डीपवेल प्लेट, तर सल्फाइट पद्धत वापरा. ०.५ मोलर सोडियम सल्फाइट, म्हणजे लिटरला ६३ ग्रॅम, ताजेच विरघळवा. १२ मिलिमोलर फॉस्फेट बफर आणि लिटरला १५ मिलिग्रॅम ब्रोमोथायमॉल ब्लू घाला, सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच ८ वर आणा. उत्प्रेरक म्हणून कोबाल्ट सल्फेट सगळ्यात शेवटी: १०० मिली पाण्यात २८ मिलिग्रॅम हेप्टाहायड्रेट म्हणजे १ मिलिमोलर साठा, त्यातला ०.१ मिली प्रतिलिटर. हातमोजे घाला, कोबाल्ट विषारी आहे, आणि उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका. भांडी भरा, २५ अंशाला शेकर सुरू करा, वेळ टिपा. सल्फाइट असेपर्यंत रंग निळा राहतो. तो संपला की पीएच झपकन उतरतो आणि द्रावण हिरवट होत पिवळे पडते. लिटरमधले ०.५ मोल सल्फाइट ०.२५ मोल ऑक्सिजन घेते, म्हणून २५० ला तासांनी भागा, ताशी मिलिमोल प्रतिलिटर मिळाले. पिवळे व्हायला २५ तास लागले तर दर १०. रात्रीसाठी समोर मोबाइल लावून दर पाच मिनिटांनी फोटो घ्या.

दोन सावधगिऱ्या. इतक्या दाट क्षारद्रावणात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे सल्फाइटचा आकडा खऱ्या माध्यमापेक्षा बराच कमी येतो. तो तुलनेसाठी वापरा, मूळ आकडा म्हणून नको. आणि सल्फाइटमधल्या किंवा पाण्यातल्या धातूंच्या अंशाने वेग बदलतो. तुलनेतली सगळी भांडी एकाच तयार केलेल्या द्रावणाने, एकाच दिवशी भरायची.

प्लेटकडे येऊ. इथे मात्र मिसळणीचा प्रश्न खरा आहे. लहान वेलमध्ये पृष्ठताण द्रवाला जागेवर धरून ठेवतो. ठरावीक वेगाच्या खाली प्लेट हलते, आतला द्रव सपाटच राहतो आणि पेशी तळाशी बसतात. हा उंबरठा ऑर्बिट आणि आकारमान या दोघांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. साध्या गोल ९६-वेल प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर पाण्यासाठी हिशोब केला तर २५ मिमी ऑर्बिटवर तो १६५ आरपीएमच्या जवळ येतो, ३ मिमी ऑर्बिटवर पावणेपाचशेच्या. हा नुसता उंबरठा झाला. चांगले संक्रमण मिळायला त्याच्या बरेच वर जावे लागते, ३ मिमीवर ८०० ते १०००. प्लेट रीडरमधले (प्लेटमध्येच ओडी मोजणाऱ्या यंत्रातले) हलवणे सहसा इतके जोरदार नसते, म्हणून त्यातल्या वाढीच्या रेषा ओडी अर्ध्याच्या आसपासच वाकू लागतात आणि लोक त्याला स्ट्रेनचा गुणधर्म समजतात. आकारमान कमी केले तर उंबरठा आणखी वर जातो हेही लक्षात ठेवा: १०० मायक्रोलिटरला ३ मिमीवर तो पावणेसातशेच्या घरात आहे. फ्लास्कमधला कमी भरण्याचा नियम इथे वेग वाढवल्याशिवाय पूर्ण लागू होत नाही.

तुमच्या डीपवेल प्लेटचे चौकोनी वेल असतील तर कोपरे बॅफलचे काम करतात. त्यात ०.५ मिली, २५ मिमी ऑर्बिट, ३०० ते ३५० आरपीएम आणि वर सच्छिद्र पडदा असेल तर तिथला ऑक्सिजन पुरवठा तुमच्या १०० मिलीच्या फ्लास्कच्या कितीतरी पुढे असतो. दोन्हीकडचे उत्पादन जुळत नाही ते म्हणून. प्लेट खोटे सांगत नाही, फ्लास्क उपाशी आहे. उलट २.२ मिलीच्या वेलमध्ये कोणी १.५ मिली भरले आणि वर चिकट फॉइल लावली तर प्लेट फ्लास्कपेक्षाही उपाशी. साध्या ९६-वेल प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर कल्चरवर १६० मायक्रोलिटर हवा उरते, तिच्यात ऑक्सिजन १.३ मायक्रोमोल. पारदर्शक चिकट पडद्याने बंद केल्यावर तो तास-सव्वातासात संपू शकतो. सच्छिद्र पडदा लावलात की बाष्पीभवनाचा प्रश्न येतो, कडेच्या वेलमध्ये जास्त. प्लेट आधी आणि नंतर तराजूवर ठेवून घट बघा; दहा टक्क्यांच्या वर गेली तर शेकरमध्ये ओलावा वाढवा.

जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीएफपीचा रंगगट तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. बंद प्लेटमध्ये किंवा दाट कल्चरमध्ये प्रथिन बनते, पण चमकत नाही. मोजणीआधी प्लेट बाकावर अर्धा तास उघडी राहिली आणि चमक वाढली, तर प्रमोटरला (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागाला) दोष देण्याआधी हे कारण तपासा. ऑटोइंडक्शन माध्यमातही (ज्यात इंडक्शन, म्हणजे प्रथिननिर्मिती सुरू होणे, आपोआप होते) ऑक्सिजन बदलला की ग्लिसरॉल आणि लॅक्टोज संपण्याचा क्रम व वेळ बदलते, त्यामुळे भराई बदललेल्या दोन फ्लास्कमध्ये इंडक्शन एकाच वेळी सुरू होईल असे धरू नका.

सीएचओ किंवा एचईके या सस्तन प्राण्यांच्या पेशींचा हिशोब अगदी वेगळा. एक पेशी ताशी ०.२ ते ०.४ पिकोमोल ऑक्सिजन घेते. मिलीला १ कोटी पेशी असल्या तरी मागणी ताशी ३ मिलिमोल प्रतिलिटरच्या आसपास. १२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये ३० मिली, २५ मिमी, १२० ते १४० आरपीएम एवढ्याला पुरते. तिथे त्रास देतो तो साठलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचे कारण बहुधा टोपणाचा ओला झालेला फिल्टर. शेकण्याने या पेशी फारशा मरत नाहीत, फुटणाऱ्या बुडबुड्यांनी मरतात. म्हणून माध्यमात प्लुरॉनिक एफ-६८ असते. ते आहेच की नाही हे बाटलीवर बघा, वरून आणखी घालू नका.

राहिला मोठ्या बॅचचा प्रश्न, कारण शेवटी तुम्हाला प्रथिन शुद्ध करायला एक लिटर कल्चर हवे असणार. २५० मध्ये २५ चालले म्हणून २ लिटरच्या फ्लास्कमध्ये २०० मिली तसेच चालेल असे नाही. भराईचे प्रमाण तेच ठेवूनही दर लिटरमागचा पुरवठा सुमारे वीस टक्के घटतो, कारण आकारमान व्यासाच्या घनाने वाढते आणि पृष्ठभाग तितका वाढत नाही. तेव्हा २ लिटरचे पाच फ्लास्क, प्रत्येकी २०० मिली. फर्नबाख फ्लास्क मिळाला तर त्याचा रुंद तळ फायद्याचा. १८ अंशावर इंडक्शन करणार असाल तर ओडी ०.६ ते ०.८ लाच शेकर थंड करायला लावा आणि फ्लास्क खरेच १८-२० अंशाला आल्यावर आयपीटीजी (इंडक्शन करणारे रसायन) घाला, त्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. २० अंशाला पाण्यात ३७ पेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो, आणि पेशींची मागणी एक-तृतीयांशावर किंवा त्याखाली येते, त्यामुळे रात्रभराचा टप्पा हाच फ्लास्क आरामात ओढतो. नमुना काढायला शेकर थांबवलात तर मिनिटाच्या आत पुन्हा सुरू करा. आरएनए किंवा चयापचयी पदार्थ मोजायचे असतील तर नमुन्यासाठी वेगळा फ्लास्क ठेवून तो एकदाच काढा आणि लगेच बर्फात घाला, कारण ओडी ४ च्या थांबलेल्या फ्लास्कमध्ये पेशींकडे अर्ध्या मिनिटाचाच ऑक्सिजन असतो.